नव्वद अंशांच्या काकू

गुडघा बदललेल्या काकू हल्ली डोंबिवलीपासून मिरजेपर्यंत कुठल्याही सोसायटीत सापडतात. वय साठ ते पंचाहत्तर, अवतार ठरलेला: अंगात गाऊन, बेल वाजली की त्यावर ओढणी, ऑपरेशनच्या पायात घट्ट पांढरा मोजा आणि हाताशी वॉकर. वॉकरच्या आडव्या दांडीला जुन्या साडीच्या काठाची पिशवी बांधलेली असते. तिच्यात मोबाइल, चष्मा, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, वाण्याची यादी आणि कपाटाच्या किल्ल्या. घराचा कारभार या पिशवीतून चालतो. काकू बाथरूमकडे निघाल्या की कारभारही त्यांच्याबरोबर निघतो.

ऑपरेशनला त्या सहजी तयार झालेल्या नसतात. तेल, शेक, बेल्ट, मालिशवाल्या बाई असं करत दहा वर्षं काढलेली असतात. काका मात्र वाजपेयींचा दाखला देऊन थकलेले. २००० च्या ऑक्टोबरात मुंबईला ब्रीच कँडीत पंतप्रधानांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा, आणि त्यासाठी डॉ. चित्तरंजन राणावत अमेरिकेहून आले होते, हे काकांना तोंडपाठ. काकूंचं उत्तरही तयार असे: "त्यांना घरी येऊन पोळ्या लाटायच्या नव्हत्या." शेवटी जे पंतप्रधानांना जमलं नाही ते बी विंगमधल्या बाईंनी केलं. नवा गुडघा घेऊन त्या सप्तशृंगी गडावर जाऊन आल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. (गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती फोटोत येत नाही.) त्याच आठवड्यात काकूंनी सर्जनची वेळ घेतली.

खर्चाची बाजू काकांकडे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला चाप लावला आणि दीड लाखाच्या घरात जाणारा कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा सांधा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आणला. हा आकडा ते आल्यागेल्याला सांगतात. मग हॉस्पिटलचं पॅकेज एवढं मोठं कसं, असं कुणी विचारलं की पेपर उघडतात.

डिस्चार्जचा दिवसही त्यांच्याच वाट्याला येतो. सकाळी राउंडला डॉक्टर "आज घरी" म्हणतात, काकू नऊ वाजता केस विंचरून बसतात आणि मेडिक्लेमची मंजुरी काही येत नाही. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. काका तो मोबाइलवर काढून काउंटरवरच्या मुलीला दाखवतात. मुलगी "हो काका" म्हणते आणि पुढचा नंबर पुकारते.

खरा संसार घरी आल्यावर सुरू होतो. हॉलमधला दिवाण खिडकीकडे सरकतो, पायपुसणी आणि सतरंज्या माळ्यावर जातात, कमोडवर उंच सीट बसते. फ्रीझरमधले मटार हे आता मटार राहत नाहीत. ती पिशवी टॉवेलात गुंडाळून सुजेवर ठेवायची असते. सूनबाईंनी चुकून त्यांचा पुलाव केला, तर ती गोष्ट नणंदेपर्यंत पोहोचते.

समाचाराला येणाऱ्यांना काकू एक्स-रे दाखवतात, तोही ट्यूबलाइटसमोर धरून. "अख्खा गुडघा काढत नाहीत बरं का. हाडांची टोकं तासतात, वर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिक." हे सांगताना त्यांचा सूर असा लागतो की तासायला त्या स्वतःच उभ्या होत्या. पुढे टाक्यांचा विषय. आता टाके म्हणजे बहुधा स्टेपलच्या पिना, दोनेक आठवड्यांनी काढतात. किती होत्या ते काकूंनी मोजून घेतलेलं असतं. शहाळं घेऊन आलेली धाकटी बहीण मायेने गुडघ्याखाली उशी सरकवते आणि घरात एकच ओरडा होतो. उशी वर्ज्य! पाय वाकलेला ठेवला की सांधा तसाच आखडतो. टॉवेलची घडी ठेवायची ती टाचेखाली. बहीण दुखावते, पण चहा घेते.

काकूंना जगात एकाच व्यक्तीचा धाक: रोज चारला येणारी फिजिओ. वय पंचविशीच्या आत, पाठीवर सॅक, बोलणं मऊ. "आजी, अजून थोडंसं." आधी घोटा वरखाली, शिरेत गुठळी होऊ नये म्हणून. मग पलंगाच्या कडेला बसून पाय मागे वाकवणं. काकू डोळे मिटून रामरक्षा म्हणतात, मुलगी दोन पट्ट्यांचा कोनमापक गुडघ्याला लावते. "ब्याऐंशी." काकू डोळे उघडतात. "काल चौऱ्याऐंशी होतं की!" काल मोजणारी हीच होती, पण काकूंना आज कोनमापकाचाच संशय येतो.

नव्वद अंश झाले की खुर्चीत नीट बसता येतं. काकूंना तेवढ्यावर समाधान नाही, कारण बी विंगचे एकशे पंधरा आहेत. हे आकडे आता बायकांच्या भिशीत दहावीच्या टक्क्यांसारखे विचारले जातात, आणि सांगताना दोन-तीन वाढवायची पद्धतही तीच.

विश्रांती त्यांच्या स्वभावात नाही. दिवाणावरून स्वयंपाकघर दिसत नाही, पण ऐकू येतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली की "बंद कर", फोडणी तडतडली नाही की "तेल तापलं नव्हतं". चाळीस वर्षं जमिनीवर बसून भाजी निवडलेली बाई आता मांडी घालू शकत नाही, उकिडवं बसू शकत नाही. डॉक्टरांनी तशी ताकीदच दिलेली असते. मग मेथीची जुडी टीपॉयवर येते आणि काका ती निवडतात. देठं मोठी ठेवतात म्हणून पुन्हा निवडतात. रात्री काकू लेकीला फोन करून सांगतात, की यांना काही येत नाही, सगळं माझ्याच अंगावर पडतं.

महिना-दीड महिन्यात वॉकर जाऊन काठी येते. काकू जिन्यात उभं राहून धडा देतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गुडघे धरून ऐकतात. त्यांना सर्जनचा नंबर मिळतो, वॉकर मिळतो, पिशवी मात्र काढून घेतलेली असते.

तेव्हा अशा काकूंकडे जाणार असाल तर पाचनंतर जा, उशीला हात लावू नका आणि कोन विचारायला विसरू नका. दुसऱ्या गुडघ्याचा विषय मात्र काकांसमोर काढू नका. दिवाळीनंतरची तारीख घेतलेली आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.