हत्तीच्या आरपार

मातीचा हत्ती कुणालाही करता येतो. चार खांब, एक पोट, पुढे सोंड, मागे नावापुरती शेपटी. पाहणारा जरा उदार असला की झाला हत्ती. पण त्याच हत्तीचा मणी करायचा म्हटलं की एक प्रश्न पुढ्यात येऊन बसतो, जो जंगलातल्या कुठल्याही हत्तीला आजवर पडला नसेल. याच्यातून दोरा कुठून घालायचा?

आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत हा प्रश्न सध्या दर महिन्याला नव्यानं पडतो. आम्ही काही जणींनी एक पैज मांडली आहे. पैसे कुणाचेच लागलेले नाहीत, अब्रू तेवढी लागली आहे. चिठ्ठी उचलायची आणि निघेल त्या प्राण्याचा मणी हातानं घडवायचा. साचा चालणार नाही, आकार टपोऱ्या बोरापेक्षा मोठा नको, आणि ओवल्यावरही प्राणी ओळखू आला पाहिजे. न्यायनिवाड्याला हाताशी असेल ते नातवंड बसवतात. त्यानं "हे काय आहे?" असं विचारलं तर मणी बाद, "हा कोण?" असं विचारलं तर पास. अपिलाची सोय नाही. पंचाला न्यायदानानंतर लाडू मिळतो, पण निकाल काहीही लागला तरी मिळतो, त्यामुळे न्याय अजून तरी निष्कलंक आहे.

तर दोरा. सरळमार्गी माणूस तोंडातून घालून शेपटीकडून काढतो. पाटावर ठेवलेली माळ मोठी झोकदार दिसते, सगळे घोडे एका दिशेनं निघालेले. गळ्यात घातली की मात्र भूगोल बदलतो. एका खांद्यावरची घोडी मान खाली घालून विहिरीत उतरत असतात आणि दुसऱ्या खांद्यावरची पन्हाळ्याचा चढ चढून दमलेली असतात. पाठीतून पोटात भोक पाडावं, तर प्रत्येकाच्या पाठीवर पुढचा उभा राहतो आणि छातीवर दहीहंडीचे थर लागतात. कानातून कानात ओवलेला ससा तर अपराध्यासारखा लोंबतो. त्याच्याकडे पाहवत नाही. पक्ष्यांचं त्यातल्या त्यात सोपं, कारण भोकाचाच डोळा होतो. पण दोरा आत गेला की तो डोळा भरून येतो आणि पक्षी कायमचा विचारात पडल्यासारखा दिसायला लागतो. थोडक्यात, स्वभाव नाका-डोळ्यांत असतो ही आपली समजूत. मण्यातल्या जनावराचा स्वभाव भोक पाडणारी खराट्याची काडी कुठून शिरली यावर ठरतो.

हा पेच फार जुन्या लोकांनाही पडला असणार. मिसरी लोकांनी तो मोठ्या धूर्तपणे सोडवला. त्यांनी प्राणीच असा निवडला की जो जन्मतःच मणी आहे: शेणकिडा. अंगानं लांबट गोल, पाय पोटाशी घेतलेले, कुठे काही बाहेर आलेलं नाही, की मोडायची भीती नाही. डोक्याकडून भोक पाडलं की सरळ दुसऱ्या टोकाला निघतं आणि सपाट पोटावर मजकूर कोरायला जागा उरते. तिसऱ्या आमेनहोतेप राजानं आपल्या कारकिर्दीच्या पहिल्या 10 वर्षांत 102 सिंह मारले, ही बातमी त्यानं असल्याच शेणकिड्यांच्या पोटावर कोरून ठिकठिकाणी धाडली. मला त्या सिंहांचं वाईट वाटतं. मेल्यावर निदान सिंहाच्या मण्यावर तरी नाव लागावं.

मोहेंजोदडोच्या कारागिराला मात्र असला राजकीय उद्योग सांगितलेला नसावा. त्यानं खारी केल्या. गारेच्या भुकटीला चकाकी देऊन भाजलेल्या, बोटाच्या पेरात मावतील एवढ्या. ढुंगणावर बसलेल्या, शेपूट पाठीवर घेतलेल्या, दोन्ही हातांत काहीतरी धरून कुरतडणाऱ्या. चार-साडेचार हजार वर्षं झाली, ते खाणं अजून संपलेलं नाही. त्याच संस्कृतीतले लोक तांबड्या अकीकाचे लांबलचक मणीही करत. त्या दगडात भोक पाडायला किती वेळ लागत असेल हे जोनाथन मार्क केनॉयर या संशोधकानं करून पाहिलं, तेव्हा तासाला जेमतेम 2.5 मिलिमीटर असा हिशेब निघाला. एका लांब मण्याला कित्येक दिवस. आम्ही ओल्या मातीत क्षणात काडी घुसवतो आणि नंतर चहा मागतो.

आणि जळगाव जिल्ह्यातलं पाटणे. चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या परिसरात. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे. म्हणजे आज जिथे केळी आणि कपाशी दिसते त्या खानदेशात एके काळी शहामृग धावत होते आणि कुणीतरी त्यांच्या अंड्याची टरफलं घासून, गोल करून, मधोमध भोक पाडून गळ्यात घालत होतं. पोट भरल्यावर टरफल टाकून न देता ते बोटांत धरून उजेडाकडे करणारं जे कुणी पहिलं माणूस असेल, त्याला घरच्यांनी काय काय ऐकवलं असेल, याची आम्हा पैजवाल्यांना चांगली कल्पना आहे.

आमची माती कुंभार गल्लीतून येते आणि मणी भाजायलाही तिथेच जातात. बेंदराच्या सणाआधी तिथल्या कुंभार मावशींना मान वर करायला सवड नसते. फळीवर मातीच्या बैलांची खिल्लारंच्या खिल्लारं वाळत असतात. त्यांच्या कडेला, एका ताटलीत, आमचा प्राणिसंग्रह. मावशी त्याच्याकडे, पाहुण्यांची पोरं खेळताना पाहावं तसं पाहतात. सावलीत सावकाश वाळवा, असं त्या दर वेळी बजावतात, आणि गल्लीतली एक तरी घाईची बाई दर वेळी मणी उन्हात ठेवतेच. "वाळू द्या की ओ वहिनी. पोटात पाणी ऱ्हायलं की फुटतोय बघा." खरंच फुटतो. आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. त्यामुळे भट्टीतून हत्ती, गेंडे, पाणघोडे असे भरल्या अंगाचे लोक तुकड्यांनी परत येतात आणि उंदीर, चिचुंद्री, पाकोळ्या सुखरूप येतात. शिवाय माती वाळताना आकसते, तिच्याबरोबर भोकही आकसतं. ओल्या मण्यातून ऐटीत जाणारा दोरा भाजलेल्या मण्याच्या दाराशी अडतो. त्यावर मावशींचा तोडगा एकच: भोक नेहमी जनावराच्या ऐपतीपेक्षा जरा मोठं पाडा.

सगळ्यात रंगली ती म्हैस. कोल्हापूरकरांना म्हैस करता येऊ नये ही शरमेची गोष्ट, म्हणून सगळ्या जणी ईर्ष्येनं बसल्या. अंग झालं, खूर झाले, कंगव्याच्या दातांनी कातडीवर विरळ केस उठले, संपलेल्या रिफिलच्या टोकानं दोन गोल डोळे दाबले. अडलं शिंगांपाशी. बोराएवढ्या म्हशीची शिंगं बाहेर काढली की ती सुतासारखी बारीक होतात आणि पदराला अडकून मोडतात. शेवटी उत्तर दिलं ते खुद्द म्हशीनंच. आमच्याकडची पंढरपुरी म्हैस दारावरून गेली. तिची लांबलचक शिंगं मानेवरून मागे वळत पार खांद्यापर्यंत टेकलेली. तशीच शिंगं मण्याच्या अंगासरशी चिकटवून टाकली. कुठे काही बाहेर नाही, मोडायला काही नाही. मिसरी राजाला हे जनावर माहीत असतं तर शेणकिड्यापर्यंत जायची वेळ आली नसती. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशी शिंगांना मोरपिसं आणि गळ्यात कवड्यांच्या माळा घालून मिरवतात. कवडी म्हणजे तरी काय, समुद्रातल्या एका गोगलगायीचं घर. एका जनावरानं दुसऱ्याचं घर गळ्यात घालून पंचगंगेच्या काठानं चालावं आणि आपण शेजारी उभं राहून "काय म्हैस आहे!" म्हणावं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही.

माझ्या आजीचा साज होता. गुजरीतल्या सोनाराकडून केलेला, 21 पानड्यांचा, लाखेवर सोन्याच्या पातळ पत्र्याचा. त्यात मासा होता, कासव होतं, भुंगा होता. तिच्या मांडीवर बसून पानड्या मोजणं हा माझा दुपारचा धंदा. मासा मला मासा वाटायचाच नाही. त्याचे खवले तिच्या मानेला घासून घासून केव्हाच गेले होते; उरला होता तो नुसता एक गुळगुळीत, चकाकता, लांबट तुकडा. मी त्याला कैरी म्हणायची. कासवाचंही कवच झिजून बटण झालं होतं. आजी सांगायची, "मासाच आहे गं तो. मला ठाऊक आहे ना." आणि बोलता बोलता तिचं बोट त्याच्यावरून शेपटीकडून डोक्याकडे फिरायचं. चालताना, रांधताना, कुणाच्या आजारपणात रात्री जागताना ते बोट आपोआप तिथे जायचं. आमच्या पंचासमोर तो मासा नक्की बाद झाला असता. ज्या बोटाला तो ओळखू यायचा ते एकच होतं.

म्हणून हल्ली मी मणी करताना जनावराच्या पाठीवर फार नक्षी काढत नाही. घालणारी बाई निम्मं काम करणारच आहे, तिच्यासाठी थोडं ठेवावं.

या महिन्याची चिठ्ठी उचलली आणि निघाला साप. बैठक बराच वेळ गप्प होती. सापाला भोक पाडायचं म्हणजे अख्ख्या सापातूनच काडी न्यायची. वेटोळं घातलेला केला तर तो जिलबी दिसतो. सरळ केला तर पेन्सिल. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "सापाला कशाला गं भोक? तोच दोरा करा." म्हणजे रेशमाचा गोफ विणायचा, एका टोकाला फणा, दुसऱ्या टोकाला शेपूट, आणि आजवरची सगळी जनावरं त्याच्यावर ओवायची. यावर दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, ज्याला भोकच नाही तो मणी कसला आणि त्याला गुण कसले द्यायचे. दुसरा म्हणतो, इतक्यांच्या आरपार निमूट जायला एक जण तयार झालाय तर त्याला पैकीच्या पैकी द्या. काकूंनी गोफ विणायला घेतलासुद्धा. फक्त गेल्या महिन्याचं मुंगूस कालच भट्टीतून धडधाकट परत आलंय, आणि ते सापावर कुणी ओवायचं, हे अजून ठरलेलं नाही.