किमान रिचार्ज शंभर

एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर '३ रु.' असं खरडायचा आणि "उतरताना घ्या" म्हणून पुढे सरकायचा. त्या तीन रुपयांवर डोळा ठेवून पनवेल ते महाड प्रवास केल्यामुळे वाटेतलं कोकण मी नीट पाहिलेलंच नाही. वाणी सुट्ट्यांच्या बदल्यात पेपरमिंट द्यायचा, मेडिकलवाला खोकल्याची गोळी. खोकला असो वा नसो. त्यामुळे आधी पैसे भरून ठेवायची कार्डं आली तेव्हा ती घ्यायला मी रांगेत पुढे होतो.

आता पाकिटात नोटा नाहीत, तरी पाकीट शिवणीत उसवलंय. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली, तिचं एक कार्ड. २०२२ मध्ये दहिसरकडच्या मेट्रो आल्या, त्यांचं दुसरं. लोकलच्या तिकीट-मशीनचं तिसरं, बेस्टचं चौथं. फास्टॅग गाडीच्या काचेला चिकटलेला असतो, एवढीच पाकिटावर मेहेरबानी. मधेच, ४ मार्च २०१९ रोजी, 'एक देश, एक कार्ड' अशी घोषणा होऊन नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आलं. सगळ्यांच्या ऐवजी एक, अशी कल्पना होती. आमच्याकडे सगळी अधिक एक झाली. हाँगकाँगवाले १९९७ पासून ऑक्टोपस नावाच्या एकाच कार्डावर रेल्वे, बोट आणि बेकरी चालवतात. आपण ऑक्टोपसच्या प्रत्येक पायाला वेगळं कार्ड दिलं असतं.

या कॉमन कार्डाचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. पैसे त्याच्या चिपमध्येच असतात, म्हणून फाटकात नेटवर्क नसलं तरी ते चालतं. पण मोबाइलवरून पैसे भरले, तर ते बँकेला कळतं, मोबाइलला कळतं; कार्डाला कळत नाही. रुसलेल्या जावयाला घरी जाऊन आमंत्रण द्यावं, तसं स्टेशनातल्या मशीनला टेकवून त्याला कळवावं लागतं, की बाबा रे, तुझ्यात दोनशे आलेत.

पण खरी मजा मॉलच्या फूड कोर्टात. तिथे रोख चालत नाही, त्यांचंच कार्ड घ्यायचं. परवा दोन डोसे, एक पावभाजी आणि नातवाचं आइस्क्रीम होऊन कार्डात सत्तावीस रुपये उरले. सत्तावीसला तिथे काहीही मिळत नाही. पाण्याची बाटली चाळीसला.

"मग तेरा भरा," आमच्या घरच्या अर्थमंत्री म्हणाल्या.

"किमान रिचार्ज शंभर," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"परत द्या."

"रिफंड काउंटर तिकडे, सिनेमाच्या बाजूला. पहिलं बिल लागेल."

पहिलं बिल पावभाजीच्या ताटाखाली होतं आणि ताट धुवायला गेलं होतं. शंभर भरले. बाटली घेतली. उरले सत्त्याऐंशी. त्याचे साठाचे कॉर्न घेतले, कुणालाही भूक नसताना. उरले सत्तावीस!

रोखीच्या जमान्यात पैसे संपले की माणूस खायचा थांबायचा. आता पैसे उरतात म्हणून खावं लागतं. अशी ज्याच्या त्याच्या कार्डातली वीस-पंचवीस रुपयांची शेपटं एकत्र केली, तर कुणाच्या तरी बँकेत त्यांचा चांगला अजगर होत असेल.

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी खुर्ची ओढून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझ्या कार्डात पस्तीस आहेत. तीसला देतो."

सौभाग्यवतींचं आयुष्य दादरच्या भाजी मंडईत गेलेलं. "वीस," त्या म्हणाल्या.

बावीसला सौदा झाला. गृहस्थ नमस्कार करून जवळजवळ पळालेच. सत्तावीस आणि पस्तीस, बासष्ट. म्हणजे अजून एक कॉर्न आरामात, असा हिशेब करून आम्ही दोन्ही कार्डं घेऊन काउंटरवर गेलो.

"दोन कार्डांचा बॅलन्स एकत्र होत नाही, काका," मुलगा म्हणाला. "दुसऱ्यातही शंभर भरू का?"