वर पट्टे नसतात

हँग ग्लायडिंग करणाऱ्या मित्रांना नागझिऱ्याच्या जंगलात जरूर न्यावं, फक्त पंख घरी ठेवायला सांगावं. उडायला मोकळा डोंगरउतार लागतो, उतरायला मोकळं रान. इथे ऐन-धावड्याच्या शेंड्यांत अडकायची सोय तेवढी उत्तम, आणि खाली अस्वलं. वन खात्याची परवानगी हा त्यानंतरचा विनोद.

मंडळी मग जिप्सीत बसतात. वाऱ्यासाठी कामशेतच्या टेकडीवर अर्धा दिवस मुकाट बसणारे हेच लोक चोरखमाऱ्याच्या गेटातून आत शिरतात न शिरतात तोच ड्रायव्हरला विचारतात, “भाऊ, वाघ कुठंय?”

तेव्हा वर सर्पगरुड असतो. जमीन तापली की गरम हवा वर उठते. तिच्यात शिरून, पंख न फडफडवता, तो घिरट्या घेत चढतो आणि पुढच्या उठत्या हवेपर्यंत तरंगत जातो. माणसं यालाच ‘क्रॉस-कंट्री’ म्हणतात. याच युक्तीनं हँग ग्लायडरपटू डस्टिन मार्टिननं २०१२ साली टेक्सासमधून उडून ७६४ किलोमीटर कापले, तर जागतिक विक्रम झाला! ग्लायडर उड्डाणाचा आद्य प्रणेता ओटो लिलिएन्थालनं तर करकोचे बघून बघून १८८९ साली उड्डाणावर ग्रंथच लिहिला. आमचे उड्डाणपटू मात्र चिखलातले ठसे बघतात. गरुडाला ना हेल्मेट, ना परत न्यायला येणारी गाडी, ना एक लाइक.

नागझिऱ्याचं अभयारण्य १९७० चं आहे, व्याघ्र प्रकल्प २०१३ चा. जाणार असाल तर ऊन चढल्यावर एकदा मान वर करा; त्याचं वेगळं तिकीट नाही.