नकार द्या, पण लेखी द्या : काळ्या पडद्यास अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय काळा पडदा,
मु. मॉनिटर, पो. लिनक्स

विषय : विंडोजचा गेम सुरू करताच आपण विनासूचना हजर होता, त्याबाबत.

महोदय,

साष्टांग नमस्कार. उभ्याउभ्या नमस्काराची सोय आपण ठेवलेली नाही. आपण अवतरलात की माणूस पहिल्यांदा टेबलाखाली शिरून मॉनिटरची वायर हलवून बघतो, तेव्हा साष्टांग आपोआपच घडतो.

मी कडोलीचा. तालुका आणि जिल्हा बेळगाव. सरकारी कागदावर 2014 पासून बेळगावी. मार्कंडेय नदीच्या या पट्ट्यात बटाटा आणि भाजीपाला पिकतो, आणि गावात मराठी साहित्य संमेलन भरतं. त्यामुळे लांबलचक भाषणं ऐकून घ्यायची आम्हाला सवय आहे. येऊन बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असला पाहुणा मात्र आपणच. काळ्या रंगाचं म्हणाल तर तोही आम्हाला परका नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि दर 1 नोव्हेंबरला इथली मराठी मंडळी काळा दिन पाळतात. पण त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधलेल्या कुणालाही कारण विचारा, तो तारखा, आयोग आणि ठरावांसकट तासभर सांगेल. आपल्या काळेपणामागचं कारण आपण कधीच सांगत नाही. तक्रार तेवढीच आहे. बाकीचं पत्र म्हणजे तिचा तपशील.

आपली सोयरीक जुळली ती अशी. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची देखभाल थांबवली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असला तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या घरातला डेस्कटॉप चौथ्या पिढीतला, पण चालतोय झकास. चालती वस्तू टाकून द्यायची रीत आमच्याकडे नाही, म्हणून त्याच्यावर लिनक्स घातलं. शेताचा उतारा काढणं, बँकेचं काम, थोरल्या मुलाच्या पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, नोट्स, सगळं बिनबोभाट सुरू झालं. मग थोरल्याला गेम आठवले आणि आपलं आगमन झालं. ‘पप्पा, आवाज यायलाय, खरं दिसंना काय बी!’ ही आपल्या स्वागताची आरोळी आता शेजारच्या घरालाही पाठ आहे.

आपण नेमके कुठे दबा धरून बसता, ते इतरांच्या माहितीसाठी सांगतो. विंडोजसाठी लिहिलेल्या गेमला चित्र काढायचं असलं की तो डायरेक्टथ्रीडी नावाच्या बोलीत हुकूम सोडतो. लिनक्सला ती बोली येत नाही. त्याला व्हल्कन समजतं, ओपनजीएल समजतं. मध्ये दुभाषा लागतो. कडोलीत हे कुणाला समजावून सांगायला नको. कचेरीतून कानडीत कागद येतो, आणि तो वाचून अर्थ सांगणारा एक जाणता प्रत्येक गल्लीत असतोच. ‘वाइन’ हा तसा जाणता. 1993 पासून तो हे काम करतोय, आणि त्याची 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं. पंधरा वर्षं! ज्यांच्या सीमाभागाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे त्यांना या आकड्याचं नवल नाही, इतरांनी वाटून घ्यावं.

2018 च्या ऑगस्टमध्ये स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइनला आणखी अवजारं जोडून ‘प्रोटॉन’ दिला. त्यातला डीएक्सव्हीके हा खास चित्रांचा दुभाषा : डायरेक्टथ्रीडीतला हुकूम घ्यायचा, व्हल्कनमध्ये करून ग्राफिक्स कार्डापुढे ठेवायचा. फिलिप रेबोले यांनी तो हाती घेतला तो ‘नीअर : ऑटोमेटा’ हा एकच गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून. छंदापायी माणूस काय करील सांगता येत नाही. 2022 मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा कन्सोल याच दुभाष्यांच्या जिवावर उभा आहे. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये कॉम्प्युटरवर आला, तोही विंडोजसाठी. म्हणजे पुण्याची बस कोल्हापूर, निपाणी करत सरळ बेळगावला येते, पण पुण्याच्या गेमला कडोलीत यायचं तर दुभाषा बरोबर आणावा लागतो.

दुभाष्याचं काम इतकं अवघड, की तो कधी अडला तर आम्ही समजून घेऊ. पण तो अडला की त्याच्यापुढे आपण उभे राहता. दुभाषा अडला, गेम अडला, कार्ड अडलं की नुसता मॉनिटरचा आकार जुळला नाही, सगळ्यांना आपला एकच चेहरा. त्या चेहऱ्यामागच्या तऱ्हा ओळखायला आता आम्ही शिकलो आहोत. त्या जाहीर करतो, म्हणजे आपला दरारा थोडा उतरेल.

तऱ्हा पहिली. आवाज नाही, चित्र नाही, घटकाभर आपलं दर्शन आणि परत डेस्कटॉप. इथे गेमची आणि कार्डाची गाठच पडलेली नसते. पुष्कळदा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अपडेट होऊन पुढे गेलेला असतो आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर मागे राहिलेला असतो. किंवा सिक्युअर बूट चालू असतं आणि सहीशिवायच्या ड्रायव्हरला ते आत घेत नाही. व्हल्कनइन्फो नावाचा छोटा प्रोग्राम चालवून कार्डाचं नाव बघावं. तिथे नुसतं ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहून आलं तर समजावं, कार्ड बाजूला बसलंय आणि बिचारा प्रोसेसर एकेक ठिपका हाताने रंगवतोय. जुन्या 32 बिटांच्या गेमला ड्रायव्हरचा 32 बिटांचा भाग वेगळा घालावा लागतो. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर गेमने कुठलं वापरायचं ते सांगावं लागतं. दोन्ही कामं चहा उकळेपर्यंत होतात, कारण कळलं तर.

तऱ्हा दुसरी खास जुन्या मशीनवाल्यांसाठी, म्हणजे आमच्यासाठी. 2022 मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके 2.0 पासून व्हल्कन 1.3 लागतं, आणि प्रोटॉन 8 पासून तीच अट पुढे आली. चौथ्या पिढीच्या इंटेलमधलं ग्राफिक्स तिथवर पोचत नाही. त्याचा ड्रायव्हर प्रामाणिक आहे. आपलं व्हल्कनचं काम अपुरं आहे असं तो स्वतः लिहून देतो. पण कुठे? टर्मिनलमध्ये, एका ओळीत, जी थोरला कधी बघणार नाही. पडद्यावर आपणच. उपाय साधा आहे. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कंपॅटिबिलिटीखाली प्रोटॉन 7 निवडायचा; त्याच्यात जुना डीएक्सव्हीके आहे. तेवढ्यानेही भागलं नाही तर ओपनजीएलमध्ये बोलणारा जुना वाइनडीथ्रीडी आहेच. चाल मंद, पण चित्र दिसतं.

तऱ्हा तिसरी : आवाज येतो, चित्र नाही. ही त्यातल्या त्यात शुभ. आवाज येतोय म्हणजे गेम जिवंत आहे, फक्त त्याची खिडकी आणि मॉनिटर यांचं जमत नाहीये. ‘व्हाइस सिटी’सारखा 2003 मध्ये कॉम्प्युटरवर आलेला गेम, जो आमच्या पिढीने बेळगावच्या नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळला, तो 640 बाय 480 असलं काहीतरी मागत पूर्ण पडदा ताब्यात घेऊ बघतो. लिनक्सवर खिडक्या मांडणाऱ्या जुन्या एक्स इलेव्हनवर गेमला मॉनिटरचं रिझोल्यूशन खरोखरच बदलता येतं. मग गेम मध्येच कोसळला की ते बदललेलंच राहतं. चार आयकॉनांत सगळा डेस्कटॉप भरलेला, आणि रिझोल्यूशन परत करायला सेटिंग्ज उघडावं तर ती खिडकी एवढी मोठी की ‘अप्लाय’चं बटण पडद्याच्या खाली कुठेतरी टेबलावर. टॅब दाबत दाबत अंदाजाने एंटर मारायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

एक्स इलेव्हनच्या जागी आलेल्या नव्या वेलँडने गेमांचा रिझोल्यूशन बदलायचा अधिकार काढून घेतला, तेव्हा तो छळ संपला आणि दुसरा सुरू झाला. डेस्कटॉप दीडशे टक्के मोठा करून ठेवला असेल तर काही ठिकाणी 1920 बाय 1080 चा मॉनिटर गेमला 1280 बाय 720 चा वाटतो. मग चित्र धुरकट येतं किंवा एका कोपऱ्यात अंग चोरून बसतं. वाइनच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सखाली ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ची खूण केली की गेमला त्याच्या मापाची वेगळी खोली मिळते आणि आमचा डेस्कटॉप सुरक्षित राहतो. व्हॉल्व्हचा गेमस्कोप तेच काम जास्त ऐटीत करतो.

चौथ्या तऱ्हेत आपण चक्क रंगीत होऊन येता. गेम सुरळीत चालू असतो, मध्ये गोष्ट सांगणारा व्हिडिओ येतो, आणि पडद्यावर उभे पट्टे : पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळट, तांबडा, निळा. काही व्हिडिओंचे फॉरमॅट प्रोटॉनला थेट उघडता येत नाहीत. त्यांच्या रूपांतरित प्रती स्टीम शेडरच्या (चित्र रंगवायच्या तयार कृतींच्या) साठ्याबरोबर पाठवतं. डेटा वाचवायला तो साठा बंद केला की प्रत येत नाही आणि तिच्या जागी हे पट्टे येतात. साठा चालू करावा किंवा प्रोटॉन-जीई ही आवृत्ती वापरून बघावी. पट्टे दिसताच थोरल्याने कपाळाला हात लावला. आम्ही मात्र खुर्ची पुढे ओढून सावरून बसलो. दूरदर्शनच्या पिढीला पट्टे म्हणजे आता कार्यक्रम सुरू होणार, ही खात्री असते.

दूरदर्शनचं नाव निघालंच आहे तर बोलतो. प्रक्षेपण तुटलं की ते लोक ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी लावायचे. सरकारी खातं, एकच वाहिनी, प्रेक्षक कुठे जाणार नाहीत याची शंभर टक्के हमी; तरी खेद व्यक्त करायचे. विंडोजचा तो बदनाम निळा पडदा घ्या. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला आपल्या रंगात, म्हणजे काळ्यात, रंगवलं. पण त्याच्यावर बिघाडाचा कोड अजून छापलेला असतो. ‘व्हॅलोरंट’ या गेमचा लबाडी रोखणारा पहारेकरी व्हॅनगार्ड लिनक्सला दारातच घेत नाही. थोरला चार दिवस रुसला, पण कारण स्पष्ट होतं, वाद मिटला. नकार पचतो, महोदय. नकार कशाचा आहे हेच न कळणं पचत नाही.

आणि आपल्या या मौनामुळे भलत्यांची दुकानं चालतात. ज्याला विचारावं तो टर्मिनलमध्ये घालायची एक ओळ देतो. त्या ओळीचा अर्थ देणाऱ्याला ठाऊक नसतो, घेणाऱ्याला विचारायची लाज वाटते. एक सांगतो ड्रायव्हर काढ, दुसरा सांगतो परत घाल. तिसरा रामबाण सांगतो : ‘डिस्ट्रोच बदल मर्दा,’ म्हणजे लिनक्सचा अख्खा संचच. घराला गळती लागली म्हणून गाव बदलणारे हे लोक. चारही तऱ्हांना चार वेगळे उपाय आहेत, आणि कुठली तऱ्हा ते न विचारता दिलेला उपाय लागू पडला तर तो योगायोग.

तेव्हा आम्ही शेवटी इकडे जे सगळे करतात तेच केलं : अर्ज. गेमच्या लाँच ऑप्शन्सच्या रकान्यात प्रोटॉनचा लॉग चालू करणारी एक ओळ लिहिली. गेम चालवला, आपलं दर्शन घेतलं, आणि होम फोल्डरमध्ये स्टीम आणि गेमचा क्रमांक अशा नावाची लॉगची फाइल येऊन पडली. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा वापरलेल्या माणसाला तिचं रूप ओळखीचं वाटेल : मागितली होती एक ओळ, आला गठ्ठा. पण वाचायची एक युक्ती आहे. ‘फिक्समी’ असं लिहिलेल्या ओळी म्हणजे वाइनवाल्यांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेली राहिलेली कामं, त्या बहुतेक निरुपद्रवी असतात. ‘ईआरआर’ (म्हणजे एरर) असं लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवावं. आमच्या लॉगमध्ये, गठ्ठ्याच्या पोटात, साध्या शब्दांत लिहिलेलं होतं : व्हल्कनची आवृत्ती पुरेशी नाही. म्हणजे आपल्याला सगळं माहीत होतं, महोदय! आपण कारण पाठीमागे धरून समोर उभे होता.

सबब, आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. आपण जरूर यावं, पण येताना कारणाची एक ओळ बरोबर आणावी. मराठीत असल्यास उत्तम, कानडीत असल्यास गल्लीत वाचणारा आहे, इंग्रजी असली तरी थोरला लावेल. भाषेवरून आम्ही अडवणार नाही, एवढी सोय आम्हालाही कुणी केली तर बरं होईल.

2. कार्ड जुनं असल्यास ‘जुनं आहे’ असं तोंडावर सांगावं. आम्ही प्रोटॉन 7 वर समाधानी आहोत.

3. गेम कोसळल्यास जाताना मॉनिटरचं रिझोल्यूशन होतं तसं करून जावं.

4. वरीलपैकी काहीच जमत नसल्यास, लॉग कुठे ठेवला आहे तेवढा पत्ता पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहावा. पत्ता मिळाला की पुढचे हेलपाटे आम्ही घालू. त्याची आम्हाला सवय आहे.

कळावे, लोभ नसावा, ही विनंती.

आपला,
एक गेमग्रस्त पालक,
कडोली, ता. जि. बेळगाव

सोबत : लॉगची प्रत (‘ईआरआर’च्या ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघा मारून).

प्रत माहितीसाठी रवाना :
1. निळा पडदा, हल्ली काळा, यांस. रंग बदललात, लिहिण्याची सवय मात्र सोडू नये.
2. वाइन, प्रोटॉन आणि डीएक्सव्हीके फुकट देणाऱ्या सर्व मंडळींस, आभारासह. तक्रार तुमच्याविरुद्ध नाही.
3. ‘डिस्ट्रो बदल’ म्हणणाऱ्या सर्वांस. पुढच्या वेळी आधी लॉग मागावा.
4. थोरल्यास. व्हाइस सिटी चालू झाली आहे. परीक्षा झाल्यावर भेट घेणे.