स्वस्ताईचा रविवार

2016 साली सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि आमच्या पुणेरी घरात बचतीचं वारं शिरलं. तेव्हापासून दर रविवारी शेतकरी आठवडे बाजार! पुरंदरचा मटार, नारायणगावचे टोमॅटो, दलालाला फाटा देऊन थेट पिशवीत.

कोपऱ्यावरच्या मावशींपेक्षा मेथीची जुडी तब्बल पाच रुपयांनी स्वस्त. तिच्यासाठी गाडी काढायची, पार्किंगचे वीस द्यायचे, मुलांना भेळ, आम्हाला उसाचा रस. शिवाय स्वस्त म्हणून जुड्या चार. (बुधवारपर्यंत त्यातल्या दोन फ्रिजमध्ये पिवळ्या पडतात, ते हिशेबात धरत नाहीत.)

मॉलमध्ये न्यूझीलंडचं किवी छापील किमतीला निमूट उचलणारा मी, इथे मात्र मूठभर कढीपत्त्यासाठी हुज्जत घालतो. "अहो, फुकट टाका की! आम्ही तुम्हाला थेट सपोर्ट करतोय." पहाटे तीनला टेम्पो भरून निघालेला तो माणूस माझ्याकडे नुसता बघतो.

सोमवारी लक्षात येतं, कोथिंबीर राहिलीच. मावशी जुडी बांधतात, वर न मागता कढीपत्ता घालतात आणि विचारतात, "काय दादा, दर रविवारी गावाला जाता का?"