रागाची तारीख बघा

कार्टूनवरून भांडणाऱ्या मोठ्या माणसांना हसू नका. जे चेहरे समोर असल्याशिवाय मूल घास गिळत नाही, त्या चेहऱ्यांचा रंग कुणी ठरवला, त्यांच्या तोंडी आवाज कुणाचा घातला, त्यांना हसण्यावारी नेण्यासाठी ठेवलंय की गोष्ट पुढे नेण्यासाठी, हे विचारणं पोरकटपणाचं नाही. माझी तक्रार भांडणाबद्दल नाहीच. दोन निरनिराळे राग एकाच पोत्यात कोंबले जातात, त्याबद्दल आहे. एक राग मालिका बघून येतो, दुसरा मालिकेचं नुसतं चित्र बघून. म्हणून कुणी रागावलेला दिसला की आधी त्याच्या रागाची तारीख बघावी.

२०१८ च्या जुलैत नेटफ्लिक्सच्या नव्या ‘शी-रा’ची चित्रं बाहेर आली. १९८५ सालची शी-रा उंच, भरल्या अंगाची, तोकड्या झग्यातली होती. नवी शी-रा शाळकरी वयाची वाटते, तिच्या झग्याखाली चड्डी आहे आणि तिला धावता येतं. लगेच ओरड सुरू झाली: ही बाईसारखी दिसत नाही, हिला मुद्दाम कुरूप केलं. ओरडणारे बहुतेक बाप्ये होते. मालिका आली नोव्हेंबरमध्ये. म्हणजे एकही भाग न बघता प्रौढ पुरुष एका किशोरवयीन मुलीच्या अंगाची मापं काढत होते, आणि त्याला लहानपणच्या आठवणींवरचं प्रेम म्हणत होते. ही लाजिरवाणी गोष्ट होती आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं.

ही मालिका ५२ भाग चालली. मे २०२० मध्ये ती संपली तेव्हा ज्यांनी ती खरोखर बघितली होती, ते वेगळ्याच गोष्टीवर वाद घालत होते. अडोराला, म्हणजे शी-राला, वर्षानुवर्षं दुखावणाऱ्या तिच्या जुन्या मैत्रिणीला, कॅट्राला, शेवटी तिचं प्रेम मिळावं का? माफी किती दिवसांत कमावता येते? दोन मुलींचं प्रेम दाखवलं याचा आनंद होताच, पण त्या प्रेमाच्या नावावर आधीची दुखापत पुसली जातेय का, हेही तेच लोक विचारत होते. बघितलेल्या माणसाचा प्रश्न असा असतो.

आता दुसरं टोक. ‘द सिम्पसन्स’मधला अपू नहासपीमापेटिलन १९९० पासून स्प्रिंगफील्डमध्ये दुकान चालवत होता. आवाज हँक अझारियाचा. तो घडवताना १९६८ च्या ‘द पार्टी’ सिनेमातला हृंदी बक्षी काही अंशी डोळ्यांपुढे होता, असं अझारियानंच सांगितलंय. बक्षी रंगवला होता पीटर सेलर्सनं, तोंडाला तपकिरी रंग फासून. एका गोऱ्यानं केलेली नक्कल दुसऱ्या गोऱ्यानं उचलली आणि तीच पुढे अमेरिकेतल्या शाळांच्या मैदानावर भारतीय मुलांची ओळख झाली. त्या काळात तिथल्या टीव्हीवर दर आठवड्याला भेटणारा दुसरा भारतीय जवळजवळ नव्हताच. त्यामुळे आंध्रातून गेलेल्यांची मुलं असोत, पंजाबातून गेलेल्यांची असोत, की आपली देशपांडे-पाटलांची, सगळ्यांना एकाच हेलात चिडवलं गेलं.

त्या मुलांपैकी एक म्हणजे विनोदकार हरी कोंडाबोलू. तो न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढला, अझारियाही क्वीन्सचाच. कोंडाबोलूनं २०१७ साली ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट केला. तारीख बघा. १९९० ते २०१७, सत्तावीस वर्षं. हा माणूस ‘सिम्पसन्स’वर प्रेम करत मोठा झालेला. त्यानं सगळं बघितलं, त्यातल्या विनोदावर हसला, स्वतः त्याच धंद्यात उतरला आणि मग विचारलं की आमच्या वाट्याला एवढंच का? माहितीपटात भारतीय आणि दक्षिण आशियाई वंशाचे नट सांगतात की ऑडिशनला गेलं की त्यांच्याकडे तोच हेल मागितला जायचा.

याला ‘सिम्पसन्स’नं एप्रिल २०१८ मध्ये दिलेलं उत्तर मला आजही चीड आणतं. उत्तर लिसाच्या तोंडी घातलं. आठ वर्षांची लिसा हा त्या मालिकेचा विवेक. कुणावर अन्याय झाला की सगळ्यांत आधी उभी राहणारी मुलगी. तिलाच प्रेक्षकांकडे वळवून म्हणायला लावलं की पूर्वी ज्याचं कौतुक झालं ते आता चालेनासं झालं, त्याला कोण काय करणार! शेजारी अपूची तसबीर. अपूबद्दल तक्रार करणाऱ्यांना गप्प करायला लेखकांनी आपली सर्वांत प्रामाणिक मुलगी खर्चून टाकली. वंशाचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवला तरी हे लेखन म्हणून वाईट होतं.

अझारियाचं मात्र श्रेय द्यायला हवं. तो ऐकायला शिकला. जानेवारी २०२० मध्ये त्यानं अपूचा आवाज सोडला आणि २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. त्यानं सांगितलेला एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलाच्या शाळेत तो भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांशी बोलला. त्यात सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्यानं ‘सिम्पसन्स’ कधी बघितलंच नव्हतं, पण अपू म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मालिकेचा एकही भाग न बघता त्या मुलाला तिची झळ बसली होती. एकही भाग न बघता रागावणारे शी-राचे टीकाकार आणि हा मुलगा यांना एकाच तराजूत घालणाऱ्यानं एवढं तरी लक्षात घ्यावं की त्या मुलानं काही निवडलेलं नव्हतं. अपू त्याच्याकडे शाळेतल्या पोरांच्या तोंडून आला होता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो फालतू नाही. आवाजाची कला म्हणजेच दुसरं कुणीतरी होणं. बार्ट सिम्पसन या दहा वर्षांच्या पोराचा आवाज नॅन्सी कार्टराइट या बाईंचा आहे. मग गोऱ्यानं भारतीयाचा आवाज काढला तर काय बिघडलं? बिघडलं ते असं, की बाईनं मुलाचा आवाज काढल्यानं मुलांचं काही अडत नाही. अपूच्या वेळी मात्र भारतीय नटाला माइकपर्यंत पोचूच दिलं जात नव्हतं आणि पोचला तर त्याला अपूचीच नक्कल करायला लावत होते. उद्या सगळ्यांना सगळे आवाज मिळू लागले तर मी हा मुद्दा आनंदानं सोडून देईन. तो दिवस अजून आलेला नाही.

जून २०२० मध्ये ‘सिम्पसन्स’नं जाहीर केलं की गोऱ्या नसलेल्या पात्रांना यापुढे गोरे कलाकार आवाज देणार नाहीत. त्याच आठवड्यात ‘बिग माउथ’मधल्या मिसीचा आवाज जेनी स्लेटनं सोडला, पुढे तो आयो एडेबिरीकडे आला. ‘सिम्पसन्स’मधल्या कार्लला, डॉ. हिबर्टला कृष्णवर्णीय नटांचे आवाज मिळाले. आणि अपू? अपू मुका झाला. गर्दीच्या दृश्यात कधीमधी दिसतो, बोलत नाही. कोंडाबोलूनं अपूला काढून टाका असं कधीच म्हटलं नव्हतं. त्याला चांगलं लिहा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. या अपूला मालिकेनंच संगणकशास्त्रातली डॉक्टरेट दिलीय. बायको मंजुळा आहे, एकाच वेळी जन्मलेली आठ मुलं आहेत. आठ भारतीय-अमेरिकन मुलं असलेलं घर लिहायला एक भारतीय वंशाचा लेखक आणि एक आवाज लागला असता. एवढं करायचं सोडून त्याची वाचाच काढून घेतली. टीका झाली की सुधारणा करण्याऐवजी माणूसच गाळायचा, हा भेकडपणा आहे. वर त्याचं खापर तक्रार करणाऱ्यांच्या डोक्यावर फुटतं ते वेगळंच.

मग आपल्या माणसांनी लिहिलं की सगळं सुधारतं का? नाही. ‘वेल्मा’ बघा. १९६९ पासूनच्या ‘स्कूबी-डू’मधली चष्मेवाली वेल्मा जानेवारी २०२३ मध्ये भारतीय-अमेरिकन होऊन आली. आवाज आणि निर्मिती मिंडी कालिंगची. पहिला भाग यायच्या आधीच गोरी वेल्मा हिरावल्याची बोंब उठली होती. त्या बोंबेला मी किंमत देत नाही. पण भाग आल्यावर जी नाराजी आली तिला देतो, कारण तिच्यात वेल्मावर जीव असलेले लोक होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका स्कूबी-डू चित्रपटात वेल्माचं मन एका मुलीवर जडलेलं दाखवलं, तेव्हा याच चाहत्यांनी आनंद साजरा केला होता. तीनच महिन्यांत ते प्रतिगामी झाले नव्हते. त्यांना वेल्मा तपकिरी झाल्याचं दुःख नव्हतं. ती तुसडी झाली, सगळ्यांचा आणि स्वतःचाही तिरस्कार करू लागली, याचं होतं. भारतीय वंशाच्या मुलीही विचारत होत्या की आमची नायिका प्रत्येक वेळी स्वतःच्या रूपाला विटलेली आणि गोऱ्या मुलाकडे टक लावून बसलेलीच का? हा प्रश्न अपूच्या प्रश्नाचं सख्खं भावंड आहे. दोन हंगामांनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये मालिका बंद झाली आणि न बघता ओरडणाऱ्यांनी आपणच जिंकल्याचे ढोल वाजवले.

चांगलं लिहिलं की काय होतं याचा नमुना मालिकेतला नाही, चित्रपटातला आहे, तरी सांगतोच. २०२३ च्या ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मधलं मुंबाटन. ते शहर जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या रंगरेषांवरून बेतलं होतं, ज्या कॉमिक्समधून मराठी घरांत वेताळ आणि मँड्रेक आले. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर पडद्यावर थोडाच वेळ आहे, पण तो कुणाचं प्रतिनिधित्व करायला म्हणून येत नाही. स्वतःच्या गावात हुंदडायला येतो.

चाहत्यांचं भांडण दिसतं, कंपन्यांची कात्री दिसत नाही. डाना टेरेस यांची ‘द आउल हाउस’ डिस्नेवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. तिची नायिका लूझ डॉमिनिकन-अमेरिकन आहे आणि तिचं अ‍ॅमिटी नावाच्या मुलीशी जुळतं. तिसरा हंगाम तीन विशेष भागांवर आटोपला. टेरेस यांनी सहकाऱ्यांच्या हेतूवर संशय घेतला नाही. मालिका कंपनीच्या प्रतिमेत बसत नाही असं वर कुणीतरी ठरवलं, एवढं सांगितलं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये पिक्सारच्या ‘विन ऑर लूज’ मालिकेतून एका पात्राच्या ट्रान्सजेंडर असण्याचे संवाद काढल्याचं डिस्नेनं मान्य केलं. कारण दिलं पालकांचं. मालिका तोवर कुणी बघितलीच नव्हती. न बघता येणाऱ्या रागाला कंपन्या इतक्या घाबरतात की तो यायच्या आधीच कात्री चालवून मोकळ्या होतात. म्हणून तो राग मला निरुपद्रवी वाटत नाही.

आणि आपल्या बाजूच्या लोकांबद्दलही बोलायला हवं. रिबेका शुगर यांची ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ ही मला फार प्रिय मालिका. दयेवर इतकं मन लावून केलेलं काम थोडं आहे. तिच्याच चाहत्यांनी २०१५ साली एका हौशी चित्रकाराचा, एक जाड पात्र बारीक काढलं असल्या कारणांवरून, इतका छळ केला की त्या जिवानं आत्महत्येचा प्रयत्न केला. प्रतिनिधित्वाचं नाव घेऊन माणसाला कड्यापर्यंत ढकलणाऱ्यांना मी आपलं म्हणणार नाही.

आपल्याकडे काय चाललं होतं? २०२० च्या त्याच जूनच्या सुमारास भारतात समाजमाध्यमांवर ‘जस्टिस फॉर चुटकी’ गाजत होतं. छोटा भीमनं चुटकीला सोडून राजकुमारी इंदुमतीशी लग्न केलं म्हणे. असा भाग नव्हताच. ही सगळी लहान मुलं आहेत हो, असा खुलासा शेवटी ग्रीन गोल्ड कंपनीला करावा लागला. त्याच महिन्यात मुंबईत हिंदुस्तान युनिलिव्हर आपल्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ काढत असल्याचं जाहीर करत होती. म्हणजे रंगाचा विषय हवेत होता. तरीही ढोलकपूरचा दांडगट सावळा आणि त्याचं नाव कालिया का, याची चर्चा चुटकीवरच्या न झालेल्या अन्यायापुढे कुठल्या कुठे वाहून गेली. अपूवर माहितीपट निघायला सत्तावीस वर्षं लागली. कालियाला पडद्यावर येऊन सतराहून अधिक वर्षं झाली आहेत.

कालिया चांगला नसला तरी चालेल, त्यानं दांडगाई जरूर करावी. पण गावातला दुसरा एखादा सावळा मुलगा भीमच्या बरोबरीनं शहाणपणाची गोष्ट करताना दिसू दे, आणि चुटकीच्या हाती लाडवांच्या ताटाखेरीज अख्ख्या भागाची सूत्रं येऊ देत. मालिका २००८ पासून चालू आहे, लेखक हैदराबादेत बसलेले आहेत, आणि यासाठी डिस्नेची परवानगी लागत नाही.