मुका रेनकोट

पावसापासून वाचण्यासाठी माणसाने आजवर जे जे अंगावर घेतलं, ते बहुतेक सगळं वाजतं. प्लास्टिकचा कागद फडफडतो, छत्रीवर ताशा वाजतो, आणि नायलॉनचा रेनकोट घातलेल्या माणसाने नुसता खिशात हात घातला तरी शेजारचा वळून बघतो. एरवी याने कोणाचं काही बिघडत नाही. दादर स्टेशनवर सगळेच सुर्र सुर्र करत चालत असतात, कोण कोणाला ऐकणार? पण सप्टेंबर महिन्यात कोलोरॅडोच्या डोंगरात धनुष्यबाण घेऊन एल्कच्या मागावर निघालेल्या माणसाचं सगळं गाडं या सुर्र सुर्रवर अडतं.

एल्क हा आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या पुढे जातो, आणि शिंगांचा पसारा असा की दाट झाडीतून तो जातो कसा याचंच नवल वाटावं. सप्टेंबर हा त्याच्या माजाचा महिना. पहाटे दरीतून त्याची शीळ येते. एवढ्या अगडबंब जनावराच्या गळ्यातून एवढा बारीक, चढत जाणारा सूर निघतो यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. बंदूकवाला दोन-तीनशे मीटरवरूनही काम भागवू शकतो. धनुष्यवाल्याला मात्र तीस-चाळीस मीटरच्या आत जावं लागतं, आणि शांत रानात तेवढ्या अंतरावरून रेनकोटाची बाही सहज ऐकू जाते.

यात माझी नेमणूक हमालाची. आमचा इथला, कोलोरॅडोतला शेजारी रीतसर परवाना काढून जातो आणि मला बरोबर नेतो, कारण सावज मिळालंच तर हाडं काढूनही शंभरेक किलो मांस पाठीवरून खाली आणायचं असतं, तेही फेऱ्या मारून, जिथे गाडी जात नाही अशा ठिकाणाहून. मी जन्माचा पुणेकर. महाराष्ट्रात कोणी सांबरावर नेम धरला तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला थेट कोठडी दाखवतो, आणि ते योग्यच आहे. इकडचं गणित वेगळं. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत; हंगाम कधी, कोणत्या भागात किती परवाने, हे सगळं राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं आणि परवान्यांच्या पैशावरच त्या खात्याचा बराचसा गाडा चालतो. तरी मला बाण सोड असं कोणी म्हटलेलं नाही आणि मीही विषय काढलेला नाही. पण हमालाचा रेनकोट वाजला तरी एल्क पळतोच. त्यामुळे शेजाऱ्याने मला विचारलेला पहिला प्रश्न माझ्या गुडघ्यांविषयी नव्हता. "तुझं जॅकेट आवाज करतं का?" एवढंच त्याने विचारलं.

म्हणजे अटी चार झाल्या. पाणी आत येऊ नये, आवाज होऊ नये, घडी करून सॅकच्या कोपऱ्यात बसावा, आणि किंमत ऐकून घरात अबोला होऊ नये.

शिकारीच्या सामानाच्या दुकानात खरा शिकारी ओळखणं सोपं असतं. बाकीचे लोक जॅकेट घालून आरशात बघतात. हा जॅकेटची बाही कानाशी नेऊन चुरगाळतो आणि नारळात पाणी किती आहे ते ऐकावं तसं डोळे मिटून ऐकतो. मग अंगात चढवतो, दोन्ही हात पुढे-मागे झुलवत मोकळ्या जागेत चार पावलं टाकतो, काखेतलं कापड कसं घासतं याकडे लक्ष देतो. मग मनगटावरचं व्हेल्क्रो ओढून बघतो. तो खर्रर्र आवाज झाला की जॅकेट परत दांड्यावर. चेनच्या टोकाला लटकणारा धातूचा तुकडा दिसला तर तो मनातल्या मनात कापून तिथे दोरीची गाठ मारून टाकतो. दुकानातले पोरगेसे विक्रेते याला सरावलेले असतात. ते मध्ये बोलत नाहीत.

त्या दांड्याच्या एका टोकाला वीस-तीस डॉलरला शर्ट-पँटची जोडी मिळते. ही विणलेली नसते, पॉलिप्रॉपिलिनचे तंतू एकमेकांत दाबून केलेली असते, हाताला जाड टिश्यू पेपरसारखी लागते. वजन नगण्य, पाणी अडवते छान, पण करवंदीच्या जाळीसारखं काही आडवं आलं की टर्रकन फाटते. दुसऱ्या टोकाला चारशे-पाचशे डॉलरचे कोट लटकत असतात. त्यांच्यावर पानांची, फांद्यांची, खडकांची इतकी बारीक नक्षी असते की काढून जमिनीवर ठेवला तर मालकालाच सापडू नये.

मधली भानगड अशी आहे. कापड जितकं पातळ, ताठ आणि गुळगुळीत, तितकं ते वाजतं. त्याला मुकं करायचं तर वरून लव आणावी लागते, म्हणजे ब्रश मारलेल्या मऊ पॉलिस्टरचा किंवा फ्लीसचा थर द्यावा लागतो. लव आली की वजन आलं. लवेत पाणी मुरतं, म्हणजे पाऊस लागल्यावर आणखी वजन आलं, आणि वाळायला दिवस लागला. असा मुका कोट किलोच्या आसपास भरतो आणि पाठीवरच्या सॅकमध्ये जेवणाची जागा खातो. हलका कोट दोनशे-अडीचशे ग्रॅमचा, मुठीत मावणारा, पण बडबड्या. हलका, मुका आणि कोरडा असे तिन्ही गुण एकत्र हवे असतील तर चौथी अट आपोआप मोडते आणि घरात अबोला होतो.

माणूस या कोड्यामागे दोनशे वर्षं लागला आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने 1823 साली नॅफ्थ्यात रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्ये भरायचं पेटंट घेतलं. त्याचा कोट थंडीत फळीसारखा ताठ व्हायचा, उन्हात चिकटायचा आणि वास मारायचा. मग 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर हा माणूस टेफ्लॉनच्या, म्हणजे आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावरच्या पदार्थाच्या कांड्या तापवून हळूहळू ताणत होता. त्या तुटत होत्या. शेवटी वैतागून त्याने एक कांडी जोरात हिसडली, आणि ती तुटण्याऐवजी कितीतरी पट लांब झाली. तिच्यात सूक्ष्म छिद्रं पडली होती. पाण्याच्या थेंबाला आत शिरता येऊ नये इतकी लहान, पण घामाच्या वाफेला बाहेर पडता यावं इतकी मोठी. त्याचं पुढे गोर-टेक्स झालं. जगातला एक मोठा शोध चिडचिडीतून लागला ही गोष्ट मला घरी अनेकदा उपयोगी पडली आहे. पण बाहेरचं कापडच भिजून चिंब झालं की वाफेलाही वाट राहत नाही आणि माणूस आतून भिजतो, हेही खरं. ते कापड भिजू नये म्हणून त्यावर जो लेप देत आले त्यातली रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत, म्हणून कॅलिफोर्नियाने 2025 पासून नव्या कपड्यांत ती वापरायला बंदी घातली. फक्त अतिपावसातल्या खास कपड्यांना काही वर्षांची सवलत आहे. एकंदरीत, न भिजणं हा प्रकार अजून पुरता सुटलेला नाही.

ऐकण्याच्या बाबतीत आपण हरणांपुढे काहीच नाही. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांना 30 पर्यंतचा येतो असं प्रयोगांत दिसलं आहे. नायलॉनच्या घासण्यात उंच पट्टीचे सूर भरपूर, म्हणजे आपल्याला जी कुजबुज वाटते ती त्यांना चांगली खणखणीत ऐकू जात असणार. गंमत म्हणजे एल्कचा कळप स्वतः रानातून जाताना काटक्या मोडत, दगड घरंगळवत, खुशाल धडधडत जातो. काटकी मोडल्याचं त्याला काही वाटत नाही. रानात काटक्या मोडायच्याच. रानात चेन मात्र कोणी ओढत नाही. रंगाचं याच्या उलट. हरणांना नारिंगी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, म्हणूनच इथे बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याने अंगावर 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी घालायचा नियम आहे: माणसाला माणूस दिसावा, जनावराला दिसू नये. निळा तेवढा त्यांना चांगला दिसतो. तेव्हा पानाफांद्यांच्या नक्षीला शंभर डॉलर जास्त देण्याआधी निळं सोडून कुठलाही मळकट रंग बघावा, असं माझं मत आहे. शेजाऱ्याचं नाही.

पण इतकं सगळं ऐकून, चुरगाळून, वजन करून झाल्यावर एक साधी गोष्ट लक्षात येते. पाऊस पडत असतो तेव्हा पाऊसच वाजत असतो. सूचिपर्णी झाडांवर, ॲस्पेनच्या पानांवर, खडकांवर सगळीकडे एकच नाद भरलेला असतो, त्यात माझी बाही कोणाला ऐकू जाणार? आणि कोलोरॅडोचा उन्हाळी पाऊस म्हणजे वळीव. दुपारी दोनच्या सुमारास ढग जमतात, गडगडाट होतो, तासभर झोडपतो, क्वचित गारा पडतात आणि परत ऊन. इथले लोक याला मान्सून म्हणतात. चिपळूणच्या माणसासमोर म्हणू नये. त्या तासात शिकारी तसाही चालत नाही. वीज कडकडत असताना कड्यावरून खाली उतरून दबून बसणं हेच शहाणपण. रेनकोट वाजतो तो पाऊस थांबल्यावर, आणि तेव्हा तो अंगात ठेवायचं कारणच काय? काढायचा, झटकायचा, सॅकला अडकवायचा.

उरतो भुरभुर पाऊस. तो पुरेसा वाजत नाही पण भिजवतो. त्यावर जुन्या शिकाऱ्यांची युक्ती मला फार आवडते: रेनकोट आत आणि लोकरीचा किंवा फ्लीसचा सदरा वर. बडबड्या कापडाच्या तोंडावर मऊ कापडाचा हात. वरचा सदरा ओला होतो, होऊ दे, आत माणूस कोरडा असतो. हे मी फोनवर चिपळूणच्या आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "रेनकोटावर स्वेटर? अरे, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, आत्या, इथे लोक नाहीत. "मग इरलं ने की इथून. दोन्ही हात मोकळे राहतात, भातलावणीला आम्ही तेच घ्यायचो." आत्याचं खोटं नाही. बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं स्वस्त होतं, टिकाऊ होतं, वाऱ्यात पाठ राखायचं. पण त्याची घडी होत नाही आणि दाट झाडीत ते घेऊन वाकायचं म्हटलं तर पुढे सावज, मागे इरलं अशी अवस्था. घोंगडी मात्र या परीक्षेत निम्म्याहून जास्त मार्क मिळवते. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाणी बराच वेळ थोपवते आणि अजिबात बोलत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही, आणि पिताना थोडी ऊब सोडते. जुन्या फोटोंतले अमेरिकन शिकारीही लाल-काळ्या चौकटीच्या लोकरी कोटातच दिसतात. ते आणि आपले धनगर कधी भेटले नाहीत, पण कपड्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

टोपडं ही दुसरी फसवी गोष्ट. हुड डोक्यावर घेतला की आपला आवाज कमी होत नाही, आपलं ऐकणं बंद होतं. थेंब कानाशी तडतडतात, मान वळवली की कापड गालावर घासतं, आणि डोकं वळतं पण हुड समोरच बघत राहतो. पन्नास पावलांवर एल्क खोकला तरी पत्ता लागायचा नाही. त्यापेक्षा रुंद काठाची लोकरी हॅट बरी. पँटचंही तेच. सर्वांत जास्त आवाज मांड्यांचा होतो, आणि पाय भिजतात ते बहुतेक पावसाने नव्हे, पाऊस गेल्यावर उरलेल्या ओल्या गवताने. गुडघ्यापर्यंतचे गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीभोवती बांधायची आवरणं, बांधली की बरंचसं भागतं.

आपल्याकडे शिकार नाही, पण मुक्या रेनकोटाची गरज आहे. आंबोलीला जुलैत रात्री बेडूक ऐकायला जाणारी मंडळी आणि पावसाळी पक्षी टिपणारे फोटोग्राफर यांनी ही बाही चुरगाळायची परीक्षा जरूर करावी. सिंहगडाच्या वाटेवर स्पीकर लावून चढणाऱ्यांनी काय घालावं याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मी शेवटी स्वस्तातला, पातळ, मातकट रंगाचा कोट घेतला. काखेत चेन असलेला, म्हणजे चढावर वाफ बाहेर पडते. वाचलेल्या पैशात एक जाड लोकरी शर्ट आला, आणि फाटलं तर चिकटवायला रुंद चिकटपट्टी पाण्याच्या बाटलीभोवतीच लपेटून ठेवली. तुम्हीही हेच करा असं सांगेन. सुती बनियन तेवढी घरी ठेवा. 3000 मीटरवर ओलं सुती कापड आणि संध्याकाळचा वारा एकत्र आले की पाच-सात अंशांतही माणूस गारठून भ्रमिष्ट होतो, आणि ती थट्टेची गोष्ट नाही. अलास्काला जाणार असाल तर मात्र माझं काही ऐकू नका. तिथल्या किनाऱ्यावर पाऊस दिवसच्या दिवस थांबत नाही, रेनकोट काढायची वेळच येत नाही. तिथे जड, महाग आणि दणकट कोटच घ्या, आणि घरच्यांना किंमत परत आल्यावर सांगा.